संघाचीं अवजारें व संगणकावरील दप्तर

मृगाचा पाऊस वेळेवर पडावा, जमिनीस वापसा यावा, बियाण्यास औषध चोळून तें तयार असावें आणि त्याच सकाळीं पेरणीचें यंत्र दुसऱ्याच्या शेतांत असावें, यापरतें दुःख कोरडवाहू शेतकऱ्यास क्वचितच असेल. आमच्या संघाच्या एका सभासदावर असा प्रसंग आला. संघाकडे रुंद वरंबा व सरी पाडीत पेरणी करणारीं, ज्यांस सर्वत्र बीबीएफ म्हणतात अशीं, दोनच यंत्रें आहेत. सोयाबीनच्या पेरणीच्या आठ-दहा दिवसांत त्यांस सोन्याचें मोल येतें. एका सभासदानें कचेरींत येऊन वहींत नांव लिहविलें होतें. दुसऱ्यानें चिटणीसांस फोन करून तोच दिवस ठरविला होता, आणि चिटणीसांनीं तो खिशांतल्या कागदावर टिपून ठेवला होता. दोघेही ट्रॅक्टर घेऊन एकाच पहाटे अवजारखान्यावर हजर झाले. दुसरें यंत्र त्या दिवशीं नादुरुस्त. ज्यास रिकाम्या हातीं परतावें लागलें त्याची पाळी तिसऱ्या दिवशीं यावयाची होती. परंतु मध्यंतरीं मुसळधार पाऊस होऊन काळी जमीन चिखलली व पेरणी दहा दिवस लांबली. पुढील सभेंत यावर जें बोलणें झालें तें या पानांत छापण्याजोगें नाहीं.

त्या सभेंत असें ठरलें कीं, अवजारांची नोंद अशा ठिकाणीं असावी कीं जी प्रत्येक सभासदास आपल्या घरून पाहतां येईल, मोकळा दिवस दिसेल, आणि ज्याचा तो आपल्या नांवें तो दिवस राखून ठेवूं शकेल. संघांतील दोन कुटुंबांतील मुलें संगणकाचें शिक्षण घेऊन आलीं आहेत. त्यांच्या हातीं हें काम दिलें, आणि व्यवहाराची बाजू सांगण्यास आम्ही त्यांच्याबरोबर बसलों. काम वाटलें होतें त्याहून कठीण निघालें, व कठीणपणा जेथें असेल असें आम्हांस वाटलें होतें तेथें तो नव्हता. इतर सहकारी संस्थाही याच वाटेनें जाऊं लागल्या आहेत, म्हणून आमचा अनुभव, चुकांसकट, वाचकांपुढें ठेवीत आहों.

अशा कामास या धंद्यांतले लोक ‘फुल-स्टॅक वेब ॲप्लिकेशन’ असें भारदस्त नांव देतात. त्याचा अर्थ इतकाच कीं, त्याचे तिन्ही थर एकाच हातांनीं उभे करावयाचे. तलाठ्याची कचेरी डोळ्यांपुढें आणावी. पुढें खिडकी असते, तेथें आपण अर्ज देतों. खिडकीमागें कारकून बसतो. तो अर्ज वाचतो, अर्जदार कोण हें पाहतो आणि काय करावयाचें तें ठरवितो. त्यामागें दप्तराची खोली. मोबाईलवर दिसणारें पान ही खिडकी, सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम हा कारकून, आणि डेटाबेस हें दप्तर. अर्जदार कितीही ओळखीचा असला तरी त्यानें दप्तराच्या खोलींत स्वतः शिरावयाचें नाहीं, हा या सर्व रचनेचा पहिला नियम आहे, आणि पुढील बहुतेक नियम त्यांतूनच निघतात.

मुलांचा ओढा खिडकी सजविण्याकडे होता. आम्हीं आग्रह धरून दप्तरापासून आरंभ करविला. १९७० सालीं एडगर कॉड या आयबीएम कंपनींतील गणितज्ञानें एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत कशी ठेवावी याचें शास्त्र त्यांत मांडलें आहे, आणि आजचीं बहुतेक दप्तरें त्याच पायावर उभीं आहेत. आमच्या वाचकांस तें शास्त्र नवें वाटण्याचें कारण नाहीं. सात-बारावर गटाचें क्षेत्र व धारकाचें नांव असतें. आठ-अ वर एका खातेदाराच्या सर्व गटांची यादी असते. आणि हक्कांत जो बदल होतो तो फेरफाराच्या नोंदवहींत क्रमांकानें चढतो व तो क्रमांक सात-बारावर येतो. गट क्रमांक, खातें क्रमांक व फेरफार क्रमांक या तीन दोऱ्यांनीं तिन्ही कागद एकमेकांस बांधलेले आहेत. कॉडच्या निबंधांतील मर्म हेंच : एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी, व इतरत्र तिचा केवळ क्रमांक द्यावा.

हें ठाऊक असूनही पहिली चूक आम्हींच करविली. जुन्या वहींत प्रत्येक ओळीवर सभासदाचें नांव, गांव व फोन लिहिण्याची चाल होती, म्हणून नव्या दप्तरांतही आरक्षणाच्या तक्त्यांत तीच माहिती घालावयास सांगितली. पंधरा दिवसांत एका सभासदाचा फोन बदलला आणि दप्तरांत त्याचे दोन फोन नांदूं लागले. मग तक्ते नव्यानें पाडले : सभासदांचा एक, अवजारांचा एक, आरक्षणांचा एक आणि पावत्यांचा एक. आरक्षणाच्या ओळींत सभासद क्रमांक, अवजार क्रमांक, आरंभ व शेवट. याहून अधिक कांहीं नाहीं. नांवावर तर मुळींच विसंबूं नये. आमच्या एकाच गांवांत नांव, वडिलांचें नांव व आडनांव तिन्ही जुळणारे दोन सभासद आहेत, आणि एकाची पावती दुसऱ्याच्या नांवें फाडल्याचे प्रसंग पूर्वीं झालेले आहेत. सभासद क्रमांक एकदां दिला कीं तो पुन्हां दुसऱ्यास द्यावयाचा नाहीं, सभासद वारला तरीही नाहीं. त्याची ओळ पुसावयाची नाहीं. तिच्यावर खूण करून वारसास नवा क्रमांक द्यावयाचा. फेरफारांत जुनी नोंद खोडून टाकीत नाहींत, नवी चढवितात, तीच ही रीत.

पैशांविषयीं एक सूचना येथेंच देतों. संगणक दशांश अपूर्णांक आपल्या द्विमान पद्धतीनें साठवितो, आणि ०.१ व ०.२ यांची बेरीज त्यास सांगितली तर नेमकें ०.३ न येतां सतराव्या स्थळीं एक चौकडा डोकावतो. एका पावतींत तो दिसत नाहीं. वर्षाच्या खतावणींत केव्हां तरी एका पैशाचा फरक निघतो आणि हिशेबतपासनीस तो शोधीत बसतो. म्हणून सर्व रकमा पैशांत, पूर्णांकांत ठेवाव्या. रुपये दाखविण्यापुरतेच करावे.

साधनें निवडतांना संघाच्या खिशाकडे पाहणें प्राप्त होतें. दप्तरासाठीं पोस्टग्रेएसक्यूएल घेतलें. हें अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर यांनीं १९८६ च्या सुमारास चालविलेल्या कामांतून वाढलें असून, तें कोणासही मोफत वापरतां येतें. कारकुनाचें काम पायथन भाषेंतील जँगो नांवाच्या चौकटीवर सोंपविलें. कॅन्सस प्रांतांतील लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत, रोजच्या घाईच्या कामासाठीं हिचा जन्म झाला व २००५ सालीं ती सर्वांस खुली करण्यांत आली. नांव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचें. घाईच्या छापखान्यांत घडलेलें साधन असल्यामुळें असेल, सभासदांचीं खातीं, प्रवेश, परवलीचा शब्द बदलणें या नेहमीं लागणाऱ्या गोष्टी तींत तयार मिळतात. या गोष्टी स्वतः लिहिण्याचा मोह मुलांस फार झाला होता. तो आम्हीं मोडला. विहिरीचें कडें बांधण्यास गवंडी मिळत असतां घरच्यांनींच वाळू कालवूं नये.

खातें उघडणें म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. प्रत्येक सभासद आपला परवलीचा शब्द देतो, आणि पुन्हां येतांना तोच शब्द सांगून आपली ओळख पटवितो. हा शब्द संघानें आपल्या दप्तरांत लिहून ठेवावा काय? मुळींच नाहीं. अमेरिकेंतील रॉकयू नांवाच्या कंपनीनें तो तसाच लिहून ठेवला होता. २००९ च्या डिसेंबरांत तिच्या दप्तरावर दरोडा पडला आणि सुमारें ३ कोटी २० लक्ष शब्द उघडे झाले. त्यांत सर्वांत अधिक लोकांनीं वापरलेला शब्द १२३४५६ हा होता, ही गोष्ट सोडून देऊं. परंतु माणसें एकच शब्द बँकेसही वापरतात व टपालासही, त्यामुळें एका ठिकाणची चोरी दहा ठिकाणीं भोंवते.

उपाय असा कीं, शब्द दळून ठेवावा. जात्यांतून निघालेल्या पिठाचे पुन्हां दाणे करतां येत नाहींत. तशीच एक गणिती क्रिया आहे, जिच्यांतून शब्दाचें पीठ होतें, पण पिठावरून शब्द निघत नाहीं. सभासद पुन्हां आला कीं त्यानें सांगितलेला शब्द त्याच जात्यांत घालावयाचा आणि पीठ जुळतें कीं नाहीं तें पाहावयाचें. मात्र यांत एक वर्म आहे. एकाच धान्याचें पीठ सारखेंच निघणार. म्हणजे ज्या दोघांचा शब्द एक त्यांचें पीठही एक, आणि चोरट्यानें नेहमींच्या शब्दांचें पीठ आधींच दळून ठेवलें असेल तर त्यास केवळ ताडून पाहावयाचें राहतें. म्हणून प्रत्येकाच्या शब्दांत वेगळी चिमूटभर भेसळ करतात. इंग्रजींत हिला मीठच म्हणतात, आणि रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनीं १९७९ सालच्या आपल्या निबंधांत तिचें वर्णन केलेलें आहे. शिवाय जातें मुद्दाम जड ठेवतात : जँगोच्या अलीकडील आवृत्त्यांत हें दळण सहा लक्षांहून अधिक वेळां फिरतें. सभासदास तें क्षणभर जाणवतें. परंतु कोट्यवधि शब्द ताडून पाहूं इच्छिणाऱ्या चोरट्याचा त्यानें जीव मेटाकुटीस येतो.

ओळख पटल्यावर दुसरा प्रश्न येतो. वेबची मूळ बोलणी विसरभोळी आहे. सर्व्हर एका मागणीस उत्तर देतो व दुसरी मागणी आली कीं मागणारा कोण हें त्यास ठाऊक नसतें. यावर १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं कुकीची योजना काढली. ती म्हणजे दारावर मिळणारा बिल्ला होय. त्यावर एक लांबलचक, कोणास तर्क करतां येणार नाहीं असा क्रमांक असतो; बाकीची माहिती सर्व्हरकडेच राहते. हा बिल्ला वाटेंत कोणी पाहूं नये म्हणून सारा मार्ग कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस, असावा लागतो. त्याचें प्रमाणपत्र २०१६ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून सर्वांस विनामूल्य मिळतें, तेव्हां खर्चाची सबब कोणी सांगूं नये.

यापुढील हकीकत सांगतांना आम्हांस संकोच होतो. प्रवेश पक्का झाला, सभासद पावत्या पाहूं लागले, आणि आम्ही निश्चिंत झालों. प्रत्येक पावतीच्या पानाच्या पत्त्यांत शेवटीं तिचा क्रमांक येत असे. एका तरुण सभासदानें, कांहीं वाईट हेतूनें नव्हे, सहज म्हणून, पत्त्यांतील ४१ चे ४२ केले. आणि त्यास शेजारच्या मळ्यांतील एका वृद्ध सभासदाची पावती व तिजवरील थकबाकी दिसली. त्यानें ती चार मंडळींत बोलून दाखविली. गांवांत थकबाकी ही केवळ रक्कम नसते. त्या वृद्ध गृहस्थांच्या घरीं त्या महिन्यांत सोयरिकीचें बोलणें चाललें होतें. ते आमच्याकडे आले, रागावले नाहींत, खुर्चीवर बसून राहिले आणि जातांना एवढेंच म्हणाले कीं, ‘जुनी वही कपाटांत होती, तिला कुलूप तरी होतें.’ त्यावर आम्हांस उत्तर नव्हतें. सोयरीक पुढें ठरली, हें त्यांचें दैव. आमची कर्तबगारी नव्हे.

चूक कोठें होती? कारकून ‘तूं कोण?’ हें विचारीत होता. ‘हा कागद तुझा आहे काय?’ हें विचारीत नव्हता. हीं दोन्ही प्रश्नें वेगळीं आहेत, आणि पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचें मिळालें असें होत नाहीं. आतां पावती मागतांना प्रोग्रॅम ‘क्रमांक ४२ ची पावती दे’ असें दप्तरास सांगत नाहीं, ‘या सभासदाच्या पावत्यांपैकीं क्रमांक ४२ ची दे’ असें सांगतो. ती त्याची नसेल तर सांपडतच नाहीं. बदल एका ओळीचा होता. तो आधीं सुचला नाहीं, आणि नंतर सुचल्याचें श्रेय घेण्यांत अर्थ नाहीं. तेव्हांपासून कोणतेंही नवें पान उघडण्यापूर्वीं तिघे जण वेगवेगळ्या खात्यांतून एकमेकांचे कागद मुद्दाम मागून पाहतात, आणि तिघांसही नकार मिळाला म्हणजेच तें पान सभासदांपुढें जातें. २०२३ सालीं देशांत वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी ही जबाबदारी आमचीच होती. त्याच वेळीं खात्याच्या अर्जांतून आधार क्रमांकाचा रकाना आम्हीं काढून टाकला. यंत्र भाड्यानें देण्यास त्याची गरज काय, या प्रश्नाचें उत्तर समितींतील कोणासही देतां आलें नाहीं. जी माहिती घेतलीच नाहीं ती चोरीस जात नाहीं.

याच जातीचा दुसरा धोका म्हणजे अर्जांत लिहिलेला मजकूर हुकूम म्हणून पाळला जाणें. एखादा भाबडा कारकून अर्ज मोठ्यानें वाचीत बसला आहे, आणि गांवाच्या रकान्यांत कोणी लिहिलें कीं, ‘अमुक गांव, आणि सर्व सभासदांचीं नांवें खोडावीं’, तर तो लगेच खोडूं लागेल. डेटाबेसची भाषा एसक्यूएल, तिच्यांत प्रोग्रॅमनें वाक्य व मजकूर एकत्र चिकटवून पाठविला तर नेमकें हेंच घडतें. वर सांगितलेला रॉकयूचा दरोडा याच वाटेनें पडला. मजकूर वेगळ्या पाकिटांत घालून पाठविला म्हणजे तो केवळ मजकूर राहतो. जँगो हें आपण होऊन करतो, आपण त्यास डावलून स्वतः वाक्यें जोडूं लागलों नाहीं तर.

आतां मूळ दुखण्याकडे वळूं. एक यंत्र, एक दिवस, दोन सभासद. हें सर्व ज्यासाठीं केलें तेंच पहिल्या रोहिणींत पुन्हां झालें, हें ऐकून वाचकांस हसूं येईल. सायंकाळीं पावसाचा अंदाज आला, सर्वांनीं एकदमच मोबाईल हातीं घेतले, आणि दोघांस एकाच सकाळचें यंत्र मिळाल्याची पावती गेली. सुदैवानें रात्रींच लक्षांत आलें व एकानें समजूतदारपणें दिवस सोडला. संगणकानें अशी चूक करावी कशी, असें चिटणीसांनीं विचारलें. संगणकानें चूक केली नव्हती. प्रोग्रॅम आधीं ‘हा दिवस मोकळा आहे काय?’ असें विचारी, व ‘होय’ आलें कीं नोंद करी. या दोन पायऱ्यांमध्यें निमिषभराचें अंतर होतें, आणि त्या निमिषांत दुसऱ्याच्या मागणीनेंही तोच प्रश्न विचारून तेंच ‘होय’ मिळविलें होतें. चिटणीसांचा खिशांतला कागद आणि कचेरींतली वही यांच्यांत जें झालें तेंच हें. फक्त तेथें दोन दिवसांचें अंतर होतें, येथें पापणी लवण्याचें.

मुलांनीं आधीं प्रोग्रॅमांत निरनिराळे अडसर घालून पाहिले. शेवटीं योग्य जागा सांपडली ती दप्तरांतच. पोस्टग्रेएसक्यूएलमध्यें २०१० सालच्या आवृत्तीपासून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नांवाचें बंधन घालतां येतें, आणि २०१२ पासून ‘या वेळेपासून त्या वेळेपर्यंत’ असा कालखंड एकाच रकान्यांत ठेवतां येतो. दोन्ही मिळून दप्तरासच बजावतां येतें कीं, ज्यांचें अवजार एक आहे आणि ज्यांचे कालखंड एकमेकांवर चढतात अशा दोन ओळी या तक्त्यांत नांदूं द्यावयाच्या नाहींत. मग मागण्या कितीही एकदम येवोत, एक ओळ बसते, दुसरी परत फिरते, आणि त्या सभासदास ‘हा वेळ नुकताच दुसऱ्यानें घेतला, पुढील मोकळा वेळ अमुक’ असें उत्तर जातें. दोन बारकावे सांगून ठेवतों. कालखंडाचा आरंभ आंत धरावा व शेवट बाहेर, नाहीं तर दुपारीं बाराला संपणारें आरक्षण व बाराला सुरू होणारें आरक्षण यांची उगाच टक्कर होते. आणि रद्द झालेल्या ओळी या बंधनांतून वगळाव्या. आम्ही तें विसरलों होतों, त्यामुळें पहिले कांहीं दिवस सोडलेला दिवस कोणासच मिळेना.

पहाटेचीही एक गंमत झाली. नियम असा होता कीं, ज्या दिवसाचें यंत्र त्याच दिवशीं तें रद्द करतां येऊं नये. तरीही एक सभासद सकाळीं पांच वाजतां त्याच दिवसाचें आरक्षण रद्द करूं शकला, आणि यंत्र दिवसभर पडून राहिलें. जँगोचें नवें काम उघडलें म्हणजे त्याचें घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलें असतें, आणि ती आपल्यामागें साडेपांच तास. आमच्या पहाटे पांचला तेथें आदल्या दिवसाचे रात्रींचे साडेअकरा वाजलेले असतात. तेव्हां त्याच्या हिशेबीं ‘उद्यां’चेंच आरक्षण रद्द होत होतें. शहरांतील लोकांस ही चूक महिनोगणती सांपडली नसती, कारण त्या वेळीं तेथें कोणी उठत नाहीं. दप्तरांत जागतिक वेळ ठेवावी, पण ‘आज’ कोणता हें भारतीय वेळेनेंच ठरवावें.

आपल्या लिपीनेंही परीक्षा घेतली. कित्येक सभासद एकर व तास मराठी आंकड्यांत भरीत, आणि पान तें घेत नसे. गंमत अशी कीं पायथन ‘१२’ हा आंकडा विनातक्रार बारा म्हणून वाचतो; ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट मात्र तो आंकडाच मानीत नाहीं. म्हणजे आंतल्या कारकुनास मराठी येत होतें, खिडकीवरच्या शिपायास येत नव्हतें. तसेंच ‘कऱ्हाड’ या शब्दांतील ‘ऱ’ युनिकोडमध्यें दोन प्रकारें लिहितां येतो, एक अखंड अक्षर म्हणून, व दुसरा साध्या ‘र’ खालीं नुक्ता देऊन. डोळ्यांस दोन्ही एकच; संगणकास दोन निराळे शब्द. एका मोबाईलवरून भरलेलें नांव दुसऱ्यावरून शोधतां सांपडेना, याचें कारण हें. दप्तरांत जाण्यापूर्वीं मजकूर एकाच साच्यांत बसविण्याची, ज्यास एनएफसी म्हणतात ती, क्रिया आतां प्रत्येक वेळीं होते.

खात्याचा संबंध मोबाईल क्रमांकाशीं जोडावा कीं नाहीं यावर समितींत दोन मतें होतीं. आमच्या कित्येक घरांत मोबाईल एक आणि सभासद दोन, आणि तो मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशांत असतो. क्रमांकासच खातें मानलें असतें तर ज्या भगिनी स्वतःच्या भागावर सभासद आहेत त्या दप्तरांतून नाहींशा झाल्या असत्या. शिवाय बंद पडलेला क्रमांक कांहीं काळानें दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. म्हणून खातें सभासद क्रमांकाचें. मोबाईल हा केवळ निरोपाचा पत्ता. शब्द विसरल्यास कचेरींत येऊन ओळख पटवून नवा घ्यावा लागतो. हें कांहींसें जुनाट आहे, पण चिटणीस प्रत्येकीस नांवानें ओळखतात, आणि तो लाभ सोडण्याचें कारण आम्हांस दिसलें नाहीं.

दप्तराची नक्कल रोज रात्रीं काढली जात होती, आणि त्याबद्दल आम्हांस अभिमानही होता. मग एका सभासदानें विचारलें, ती नक्कल कधीं उघडून पाहिली आहे काय? पाहिली, तों गेल्या तीन आठवड्यांच्या नकला रिकाम्या. साठवणुकीची जागा भरून गेली होती, आणि प्रोग्रॅम रोज नेमानें शून्य लांबीची फाईल लिहीत होता. पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती उगवतात हें पाहिल्यावांचून घरचें सोयाबीन पेरूं नये, असें आम्ही याच मासिकांतून दरसाल लिहीत आलों आहों. दप्तराच्या नकलेची उगवण मात्र आम्हीं तपासली नव्हती. आतां दर अमावास्येस एक नक्कल निराळ्या संगणकावर उघडून, तींतील सभासदांची व आरक्षणांची मोजणी चालू दप्तराशीं ताडून पाहतात. एक प्रत जिल्ह्याच्या गांवीं दुसऱ्या जागीं असते, कारण कचेरीस आग लागली तर दोन्ही प्रती एकाच कपाटांत असून उपयोग नाहीं.

जे सभासद मोबाईल वापरीत नाहींत त्यांची नोंद चिटणीस त्यांच्या समक्ष करितात, आणि अशी नोंद कोणी केली हेंही ओळींत उमटतें. खिशांतला कागद बंद झाला आहे. निदान चिटणीस तसें सांगतात. दररोज सायंकाळीं सहा वाजतां दुसऱ्या दिवसाची यादी कागदावर छापून अवजारखान्याच्या दारास लावतात. तींत अवजार, सभासद क्रमांक व वेळ एवढेंच असतें, रक्कम नसते. पहाटे ट्रॅक्टर घेऊन येणारा मनुष्य अजून मोबाईल उघडण्यापूर्वीं बॅटरी दारावर मारून तीच यादी आधीं पाहतो.